सर्टिफिकेटचा एरर दर दोन महिन्यांनी परत येतो, तेव्हा

"दादा, परत तेच आलंय. पिग्मी जाईना."

सिन्नर तालुक्यातल्या एका पतसंस्थेच्या मॅडमचा हा फोन ११ जुलै २०२३ ला सकाळी आला. तिथे पिग्मी एजंटांनी आणलेला दिवसाचा भरणा एका डेस्कटॉप सॉफ्टवेअरमधून मुख्य सर्व्हरला पाठवतात. सॉफ्टवेअर जावा या प्रणालीवर चालतं. 'पाठवा' बटण दाबलं की चौकट यायची: 'पीकेआयएक्स पाथ बिल्डिंग फेल्ड, अनेबल टू फाइंड व्हॅलिड सर्टिफिकेशन पाथ टू रिक्वेस्टेड टार्गेट'. त्याच मशीनवर, त्याच सर्व्हरचा पत्ता क्रोममध्ये टाकला तर पान सुरळीत उघडत होतं, वर कुलूपही दिसत होतं. म्हणजे नेट चालू, सर्व्हर चालू, आणि तरी सॉफ्टवेअर म्हणतंय की सर्टिफिकेटवर, म्हणजे सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या डिजिटल दाखल्यावर, माझा विश्वास नाही.

मॅडमच्या टेबलावर तक्रारींची लाल वही असते. मी ती मागून घेतली. आधीच्या नोंदी १२ जानेवारी, १३ मार्च आणि १२ मे अशा होत्या. प्रत्येकीपुढे एकच शेरा, 'माणूस येऊन गेला, चालू झाले'. दिवस मोजले तर दोन नोंदींमध्ये दर वेळी बरोबर साठ दिवस.

वायर सैल असेल, नेट जात असेल, हार्डडिस्क मरत असेल, तर बिघाड असा दिवस मोजून येत नाही. साठ दिवस म्हटलं की मला एकच गोष्ट आठवते. लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेची मोफत सर्टिफिकेटं ९० दिवसांची असतात, आणि ती घेणारा सर्टबॉट हा प्रोग्रॅम शेवटचे ३० दिवस उरले की नवं सर्टिफिकेट आणतो. म्हणजे सर्व्हरवरचं सर्टिफिकेट साधारण दर साठ दिवसांनी बदलतं. आपल्याकडचा एररही त्याच दिवशी येत असेल, तर आपल्या मशीनवर कुणीतरी जुन्या सर्टिफिकेटची प्रत धरून बसलं आहे.

जावाचं स्वतःचं ट्रस्ट स्टोअर, म्हणजे विश्वासातल्या सर्टिफिकेटांची यादी, असतं. 'कॅसर्ट्स' नावाची फाइल, जावाच्या फोल्डरमध्ये लिब आणि त्याच्या आत सिक्युरिटी इथे. तिचा मूळ पासवर्ड 'चेंजइट', आणि बहुतेक ठिकाणी तो कुणीच बदललेला नसतो. जावासोबतच येणाऱ्या कीटूल या आज्ञेने यादी काढली. शंभराच्या आसपास रूट, म्हणजे सर्टिफिकेटांना सही देणाऱ्या मूळ संस्थांच्या नावांत तीन नोंदी वेगळ्या दिसल्या: 'सर्व्हर', 'सर्व्हर-नवीन', 'सर्व्हर-नवीन-२'. तिन्ही त्या एकाच सर्व्हरच्या सर्टिफिकेटच्या प्रती, वेगवेगळ्या तारखांच्या. आधी येऊन गेलेला माणूस दर वेळी ब्राउझरमधून सर्व्हरचं चालू सर्टिफिकेट उतरवायचा, कॅसर्ट्समध्ये घालायचा आणि जायचा. जावाला ती प्रत चालते. साठ दिवस चालते. मग सर्व्हर नवं सर्टिफिकेट लावतो, ही प्रत निरुपयोगी होते आणि वहीत नवी नोंद पडते.

त्या माणसाला मी दोष देत नाही. काउंटरवर रांग असते, पैसे अडकलेले असतात, आणि असल्या एररवर शोधलं की पहिला सल्ला हाच मिळतो. पण या उपायाने फक्त चौकट बंद होते. मूळ दुखणं सर्व्हरवर तसंच राहतं.

ते दुखणं काय होतं, ते सांगतो.

सर्टिफिकेटची ओळख साखळीने पटते. सोयरीक जुळवताना पटते तशीच. मुलगा कोण, तर अमक्या मामांच्या बघण्यातला. मामा कोण, तर आपल्या नाशिकच्या काकांचे व्याही. काकांना आपण ओळखतो, म्हणून पुढचं बोलणं सुरू होतं. इथे मुलगा म्हणजे सर्व्हरचं सर्टिफिकेट, मामा म्हणजे मधलं सर्टिफिकेट आणि काका म्हणजे रूट. रूट आपल्या मशीनच्या ट्रस्ट स्टोअरमध्ये आधीपासून असतं. मधलं मात्र सर्व्हरनेच सोबत पाठवायचं असतं. नाही पाठवलं, तर मुलगा समोर उभा आहे, काका घरात बसले आहेत, पण दोघांचा संबंध सांगणारा माणूस जागेवर नाही.

मग क्रोममध्ये कसं उघडतं? या एका प्रश्नाने लोकांचे दिवसच्या दिवस जातात. सर्टिफिकेटमध्येच 'मला सही देणाऱ्याचं सर्टिफिकेट अमुक पत्त्यावर मिळेल' अशी नोंद असते, तिला एआयए म्हणतात. क्रोम, एज, सफारी ती नोंद वाचून मधलं सर्टिफिकेट स्वतः आणतात. फायरफॉक्स माहीत असलेली मधली सर्टिफिकेटं आधीच उतरवून ठेवतो. जावा मूळ सेटिंगमध्ये हे करत नाही. पायथनच्या स्क्रिप्ट करत नाहीत. सुरक्षित जोडणी हाताळणाऱ्या ओपनएसएसएलवर चालणारी बहुतेक सॉफ्टवेअर करत नाहीत. म्हणून 'ब्राउझरमध्ये तर चालतंय' हे वाक्य सर्व्हर बरोबर असल्याचा पुरावा म्हणून मी आता धरतच नाही. ब्राउझरमध्ये चालतं आणि सॉफ्टवेअरमध्ये नाही, असं दिसलं की उलट पहिला संशय मधल्या सर्टिफिकेटवर घ्यायचा.

बघायचं कसं? ओपनएसएसएलमधल्या एस-क्लायंट आज्ञेने. विंडोजवर वेगळं काही बसवायची गरज नाही, गिट हे प्रोग्रॅमरांचं साधन बसवलेलं असेल तर गिट बॅशच्या काळ्या खिडकीत ओपनएसएसएल असतंच. सर्व्हरचं नाव आणि पोर्ट द्यायचा, शोसर्ट्स हा पर्याय लावायचा आणि सर्व्हरनेम या पर्यायात तेच नाव पुन्हा द्यायचं. हे शेवटचं विसरू नका. एका आयपीवर दहा डोमेन असतील, तर नाव न कळवता जोडणाऱ्याला सर्व्हर भलत्याच डोमेनचं सर्टिफिकेट देतो आणि तुम्ही चुकीच्या कागदावर तासभर घालवता. काही जुनी सॉफ्टवेअर जोडणी करताना हे नाव पाठवतच नाहीत. त्यांचा एरर याच कारणाने येतो.

उत्तरात 'सर्टिफिकेट चेन' असा भाग येतो. त्यात शून्य, एक असे क्रमांक असतात. पतसंस्थेच्या सर्व्हरकडून फक्त शून्य क्रमांक आला. पुढे काहीच नाही. आणि तळाशी 'व्हेरिफाय रिटर्न कोड: २१'.

हा तळाचा आकडा सगळ्यांनी ओळखीचा करून घ्यावा असं मला मनापासून वाटतं, कारण सॉफ्टवेअरच्या चौकटीपेक्षा तो कितीतरी नेमकं बोलतो. २१ म्हणजे सर्व्हरने एकटं स्वतःचं सर्टिफिकेट पाठवलं आणि पुढची कडी सापडली नाही. २० म्हणजे साखळी आली, पण तिला सही देणारा तुमच्या मशीनच्या यादीत नाही, तेव्हा दोष बहुधा आपल्या बाजूला. १८ म्हणजे सर्टिफिकेटने स्वतःच स्वतःला सही दिली आहे. राउटर, नॅस (नेटवर्कवर फाइली साठवणारी पेटी), प्रिंटर, ऑफिसातला जुना मेल सर्व्हर यांच्याकडे हे नेहमीचं. १९ म्हणजे साखळीच्या टोकाला असं रूट आहे ज्यावर तुमचं मशीन विश्वास ठेवत नाही. हा आकडा दिसला की आधी फायरवॉल किंवा अँटिव्हायरस आठवायचा. १० म्हणजे मुदत संपली. ९ म्हणजे मुदत अजून सुरूच झालेली नाही, आणि तेव्हा सर्टिफिकेट सोडून घड्याळ बघायचं.

पतसंस्थेत पुढे काय केलं? सॉफ्टवेअर देणाऱ्या कंपनीला फोन केला. तिकडून पहिलं उत्तर आलं, 'आमच्याकडे ब्राउझरमध्ये चालतंय'. मग एस-क्लायंटचं उत्तर जसंच्या तसं मेलने पाठवलं आणि खाली दोनच ओळी लिहिल्या: तुमचा सर्व्हर मधलं सर्टिफिकेट पाठवत नाही, एनजिनएक्स या वेब सर्व्हरच्या सेटिंगमध्ये सर्ट डॉट पेम ही फाइल दिली आहे का ते पाहा, तिथे फुलचेन डॉट पेम हवी. दुपारी कंपनीतल्या मुलाचा फोन आला, तेच निघालं. सर्टबॉट दोन्ही फाइली शेजारी-शेजारी ठेवतो आणि नावावरून सर्ट डॉट पेमच बरोबर वाटते. तिच्यात फक्त शून्य क्रमांकाचं सर्टिफिकेट असतं. फुलचेनमध्ये आधी सर्व्हरचं आणि मग मधलं, त्याच क्रमाने. रूट पाठवायची गरज नसते. अपाचे या दुसऱ्या वेब सर्व्हरवर असाल तर आवृत्ती २.४.८ पासून पुढे त्याच एका फाइलमध्ये सगळी साखळी देता येते.

सर्व्हर दुरुस्त झाल्यावर मी कॅसर्ट्समधल्या त्या तिन्ही नोंदी काढून टाकल्या आणि मगच बटण दाबलं. हा क्रम महत्त्वाचा आहे. आपली जुनी ठिगळं अंगावर ठेवून चाचणी केली, तर बरं कशाने झालं ते कधीच कळत नाही.

इथे कुणी म्हणेल, सर्व्हरवाला ऐकतच नसेल तर मधलं सर्टिफिकेट आपणच जावात घालू. अडलेल्या दिवशी घाला, माझी हरकत नाही. पण तारीख लिहून ठेवा, कारण मधलीसुद्धा बदलतात. लेट्स एन्क्रिप्टचं आर३ नावाचं मधलं सर्टिफिकेट बरीच वर्षं होतं. जून २०२४ मध्ये त्याची जागा आर१० आणि आर११ ने घेतली. ज्यांनी आर३ हाताने घालून ठेवलं होतं, त्यांचा जुना एरर त्यानंतरच्या नूतनीकरणाला परत आला. त्यापेक्षा जावा सुरू करताना एआयए वापरण्याची सूचना देता येते, तो मार्ग बरा. विंडोजवर जावाला स्वतःची यादी सोडून विंडोजचीच यादी वापरायलाही सांगता येतं, ट्रस्टस्टोअरचा प्रकार 'विंडोज-रूट' असा देऊन. मात्र त्याने फक्त रूटचा प्रश्न सुटतो. आणि हेही लक्षात असू द्या की जावाची नवी आवृत्ती बसवली की नवी कॅसर्ट्स येते आणि जुनीत हाताने घातलेलं सगळं मागे राहतं. 'जावा अपडेट केल्यापासून बंद पडलं' या तक्रारीमागे फार वेळा एवढंच असतं.

दोष आपल्या बाजूचा असतो तेव्हा

सगळ्यात आधी तारीख बघा. तास-मिनिटं बरोबर असतात म्हणून वर्षाकडे कुणी पाहत नाही. मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी, सीआर२०३२, उतरली की वीज जाऊन आलेल्या प्रत्येक सकाळी मशीन कुठल्यातरी जुन्या वर्षात जागं होतं. पावसाळ्यात गावाकडे हे रोजचं. हाताने तारीख लावली की दिवसभर चालतं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. नेटवरून वेळ आपोआप सुधारेल असं आपण धरून चालतो. पण एकट्या विंडोज मशीनची वेळ-सेवा मूळ सेटिंगमध्ये १५ तासांपेक्षा मोठा फरक स्वतःहून दुरुस्त करत नाही. बॅटरी बदला. इतक्या स्वस्तात सुटणारा दुसरा सर्टिफिकेट एरर मला माहीत नाही.

मग येतात मध्ये बसून वाचणारे. ऑफिसचा फायरवॉल किंवा अँटिव्हायरस एचटीटीपीएस रहदारी उघडून तपासत असेल, तर तो मूळ सर्टिफिकेट बाजूला ठेवून स्वतः तयार केलेलं पुढे करतो. त्याचं रूट विंडोजच्या यादीत घातलेलं असतं, म्हणून क्रोम गप्प राहतो. पण थंडरबर्ड या मेल प्रोग्रॅमची यादी वेगळी, जावाची वेगळी, जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोडची वेगळी, पायथनची सर्टिफाय नावाच्या पॅकेजमधून येणारी. ते सगळे अडतात. ओळखायची खूण सोपी आहे: ब्राउझरमध्ये सर्टिफिकेट उघडून 'इश्यूड बाय' वाचा. तिथे नेहमीच्या संस्थेऐवजी अँटिव्हायरसचं किंवा फायरवॉलचं नाव असेल, तर चोर सापडला. मोबाइलचं हॉटस्पॉट जोडून पाहिलं तर फायरवॉलचा निकाल दोन मिनिटांत लागतो. अँटिव्हायरस मशीनवरच असतो, तो मात्र हॉटस्पॉटवरही सोबत येतो. उपाय दोन आहेत. ज्या सर्व्हरशी पैशाचा किंवा आजाराच्या नोंदींचा व्यवहार होतो, तो तपासणीतून वगळायला नेटवर्क बघणाऱ्याला सांगा. बाकी ठिकाणी फायरवॉलचं रूट त्या-त्या सॉफ्टवेअरच्या यादीत घाला. नोडसाठी त्याकरता वेगळा एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबल आहे, आणि विंडोजवरच्या गिटला ओपनएसएसएलऐवजी विंडोजची स्वतःची एसचॅनेल व्यवस्था वापरायला सांगता येतं. अँड्रॉइडवर हा मार्ग अर्धवट आहे. अँड्रॉइड ७ पासून वापरकर्त्याने घातलेल्या रूटवर अॅप आपणहून विश्वास ठेवत नाहीत, अॅप बनवणाऱ्याने तशी परवानगी द्यावी लागते.

जुन्या मशीनचा प्रकार वेगळा. ३० सप्टेंबर २०२१ ला, आपल्याकडे संध्याकाळी साडेसातच्या सुमारास, डीएसटी रूट सीए एक्स३ या जुन्या रूटची मुदत संपली. लेट्स एन्क्रिप्टचा कारभार तोवर त्याच्या ओळखीवर चालत होता. पुढचं रूट, आयएसआरजी रूट एक्स१, ज्यांच्या यादीत नव्हतं ते अडले. ज्यांच्या यादीत ते होतं त्यांच्यातलेही काही अडले, कारण ओपनएसएसएल १.०.२ साखळीतल्या संपलेल्या टोकालाच धरून बसायचं. ७.१.१ च्या आधीच्या अँड्रॉइड फोनसाठी खास सही देऊन मुदत ३० सप्टेंबर २०२४ पर्यंत ओढली होती. तीही संपली. त्यामुळे आज एखाद्या एजंटकडचा जुना फोन लेट्स एन्क्रिप्टच्या सर्व्हरला जोडायला नकार देत असेल, तर सेटिंगमध्ये बोटं घालत बसू नका. फायरफॉक्स स्वतःची यादी घेऊन येतो, म्हणून त्यात पान उघडतं. पण अॅपला त्याचा उपयोग नाही. फोन बदलावा लागतो.

विंडोजवर आणखी एक आहे. विंडोज सगळी रूटं आधीच बाळगत नाही, लागेल तसं मायक्रोसॉफ्टच्या अपडेट सर्व्हरवरून आणतं. 'फक्त कामाच्या चार साइट चालू, बाकी बंद' असा नियम लावलेल्या ऑफिसात तो सर्व्हरही बंद होतो आणि पूर्णपणे मान्यताप्राप्त सर्टिफिकेट अविश्वासू ठरतं. नवं मशीन आणलं आणि फक्त त्याच्यावरच एरर आहे, असं दिसलं की मी हेच आधी तपासतो.

एरर कधी येतो, कधी येत नाही, असं असेल तर सर्व्हर एक नाही, दोन आहेत. एकावर साखळी पूर्ण आहे, दुसऱ्यावर नाही. प्रत्येक आयपीला वेगळी एस-क्लायंट चाचणी करा, आयपीव्ही६ धरून. आणि ठरावीक दिवसांनी पुन्हापुन्हा 'मुदत संपली' येत असेल, तर सर्टबॉटने नवं सर्टिफिकेट आणून ठेवलेलं असतं, पण वेब सर्व्हर रीलोड झालेला नसतो. त्याच्या पोटात जुनंच बसलेलं असतं. नूतनीकरणानंतर रीलोड करणारी ओळ सर्व्हरवाल्याने एकदा लिहायची, बस.

पडताळणी बंद करू नका

कोडमध्ये 'व्हेरिफाय'ला 'फॉल्स' लिहिलं, कर्ल या आज्ञेला 'के' हा पर्याय लावला, सॉफ्टवेअरमधली 'सर्टिफिकेट तपासू नका' या चौकटीत टिक केली, की एरर जातो. आणि तो पुन्हा कधीच येत नाही. खराखुरा चोर मध्ये बसला तरी येत नाही. पतसंस्थेत त्या जोडणीवरून भाजीवाल्यांचे, रिक्षावाल्यांचे रोजचे शंभर-दोनशे रुपये जातात, सॉफ्टवेअरचा पासवर्ड जातो. ती जोडणी ज्या वायफायवरून जाते, त्याचा पासवर्ड भिंतीवर चिकटवलेला होता. तिथे तपासणी बंद करणं म्हणजे तिजोरीचं दार उघडं टाकून घरी जाणं.

कुठलंही रूट कुणीतरी पाठवलं म्हणून घालण्याबद्दलही माझं तेच म्हणणं आहे. यादीत घेतलेल्या एका नावाची ताकद किती असते, ते आपल्याच देशात दिसलं आहे. जुलै २०१४ मध्ये एनआयसी या केंद्र सरकारच्या संगणक संस्थेच्या मधल्या सर्टिफिकेटांवरून गूगलच्या डोमेनांची अनधिकृत सर्टिफिकेटं निघाल्याचं उघड झालं. त्यांच्या वर भारताच्या सीसीएचं, म्हणजे सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी कार्यालयाचं, रूट होतं आणि ते मायक्रोसॉफ्टच्या यादीत होतं. त्यामुळे विंडोजवरचे बहुतेक प्रोग्रॅम ती खरी मानू शकत होते. फायरफॉक्सच्या यादीत ते रूट नव्हतं, म्हणून तो वाचला. सीसीएने ३ जुलैला ती मधली सर्टिफिकेटं रद्द केली. तिथे सरकारी देखरेख होती, तरी असं झालं. व्हॉट्सअॅपवर आलेल्या सर्टिफिकेटच्या सीआरटी फाइलवर कुणाची देखरेख असणार? घालायचंच असेल तर पाठवणाऱ्याला फोन लावा, सर्टिफिकेटचा शा-२५६ ठसा, म्हणजे त्याची ओळख सांगणारी लांबलचक आकडे-अक्षरांची ओळ, त्याच्याकडून वाचून घ्या आणि आपल्यासमोरच्या आकड्यांशी जुळवा. सुरुवातीचे-शेवटचे चार नव्हेत, सगळे.

हे आताच नीट लावून घेण्याला आणखी एक कारण आहे. सर्टिफिकेटांची मुदत कमी होत चालली आहे. सप्टेंबर २०२० पासून ती जास्तीत जास्त ३९८ दिवस होती. एप्रिल २०२५ मध्ये सर्टिफिकेट देणाऱ्या संस्था आणि ब्राउझर कंपन्या यांच्या सीए/ब्राउझर फोरमने मंजूर केलेल्या वेळापत्रकात १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, १५ मार्च २०२७ पासून १०० आणि १५ मार्च २०२९ पासून ४७ दिवस आहेत. विकतचं वर्षभराचं सर्टिफिकेट होतं, म्हणून ज्यांचं प्रत घालण्याचं काम वर्षातून एकदाच निघत होतं, त्यांच्या वहीत आता सिन्नरसारख्याच नोंदी पडू लागतील.

पतसंस्थेत पुढची साठावी तारीख ९ सप्टेंबर २०२३ होती. दुसरा शनिवार, शाखा बंद. सोमवारी ११ तारखेला मी स्वतःच साडेदहाला फोन लावला.

"मॅडम, पिग्मी गेली का?"

"गेली की. का हो दादा, काय झालं?"

सर्व्हरवरचं सर्टिफिकेट बदललं आहे का, ते मी तोवर इकडून पाहिलं होतं. बदललेलं होतं. चेनमध्ये शून्य आणि एक, दोन्ही क्रमांक होते.